ड्राफ्टमधला पोरगा की मुरलेला क्वार्टरबॅक? किंमत एकदाच मोजा

प्रश्न असा आहे: "आमचा संघ गेल्या हंगामात तळाशी गेला. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या ड्राफ्टमध्ये सहावी निवड हातात आहे, सॅलरी कॅपमध्ये जागाही बरीच आहे, फक्त क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, नाही. कॉलेजातला पोरगा घ्यावा, की चार पावसाळे जास्त पाहिलेला, तिशी ओलांडलेला खेळाडू आणावा?"

माझं काम कॉलेज क्वार्टरबॅकच्या सामन्यांच्या फिल्म बघून अहवाल लिहिण्याचं. त्याच वाटेने करारांच्या हिशेबातही बरीच वर्षं गेली. म्हणून खेळ आणि पैसा, दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. थेट सांगायचं तर मी ड्राफ्टच्या बाजूचा आहे. पण वयाचा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम आहे. क्वार्टरबॅक दोन चलनांत विकत घेता येतो: ड्राफ्टच्या निवडी किंवा कॅपमधला पैसा. जे संघ यातलं एकच चलन खर्च करतात ते चुकले तरी दोन-तीन वर्षांत सावरतात. दोन्ही खर्च करणारे मात्र गाळात जातात, आणि बाहेर यायला फार वेळ लागतो.

हा खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला खेळाडू निवडतो, मग त्याच्या वरचा, अशा सात फेऱ्या होतात. कितव्या क्रमांकावर निवड झाली यावरून मानधन जवळपास ठरून जातं. कॅप ही सगळ्या 32 संघांना सारखी असलेली खर्चाची मर्यादा. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती.

मानधनाचा हा नियम 2011च्या सामूहिक करारात आला आणि त्याने सगळं गणित फिरवलं. 2010च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार घेऊन गेला. एकही सामना खेळण्याआधी त्यातले 5 कोटी पक्के होते. पुढच्याच वर्षी पहिला निवडलेला कॅम न्यूटन आला. चार वर्षांचे 2 कोटी 20 लाख! क्रमांक तोच, पण किंमत एकदम खाली. आज नावाजलेला क्वार्टरबॅक एका वर्षाला 5 ते 6 कोटी घेतो. डॅक प्रेस्कॉटचा 2024चा करार वर्षाला सरासरी 6 कोटींचा आहे. त्याच वर्षी पहिला निवडलेला केलेब विल्यम्स चार वर्षांत मिळून सुमारे 3 कोटी 95 लाख घेणार. दोघांमधल्या फरकातून उरलेल्या पैशात दोन उत्तम टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारे) आणि एक पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) सहज बसतात. ही सवलत चार वर्षं टिकते. पहिल्या फेरीतला असेल तर संघाला पाचव्या वर्षाचाही पर्याय मिळतो.

हे गणित प्रत्यक्षात कसं चालतं ते सिअ‍ॅटलने दाखवलं. 2012च्या मार्चमध्ये त्यांनी मॅट फ्लिनला तीन वर्षांसाठी करारबद्ध केलं. फ्लिनने ग्रीन बेकडून डेट्रॉइटविरुद्ध एकाच सामन्यात 480 यार्ड आणि सहा टचडाउन फेकले होते, आणि त्या एका दुपारच्या खेळावर त्याचं नाव झालं होतं. एप्रिलमध्ये तिसऱ्या फेरीत, 75व्या क्रमांकावर, सिअ‍ॅटलने रसेल विल्सन घेतला. सरावसामन्यांत विल्सन सरस ठरला आणि प्रशिक्षक पीट कॅरल यांनी फ्लिनला दिलेल्या पैशाकडे न बघता विल्सनला उतरवलं. त्याचा चार वर्षांचा करार सगळा मिळून 30 लाख डॉलरच्या आसपास होता. वाचलेल्या पैशातून 2013च्या मार्चमध्ये क्लिफ एव्हरिल आणि मायकेल बेनेट हे दोन पास रशर आले. पुढच्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलने सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरला 43-8 असं धुतलं.

आता ड्राफ्टची दुसरी बाजू. 2021च्या पहिल्या 15 निवडींत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. तीन वर्षांच्या आत लॉरेन्स सोडून चौघेही आपापल्या संघांच्या बाहेर होते. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन निवडी ओतल्या होत्या. त्याला शेवटी डॅलसकडून चौथ्या फेरीची एक निवड घेऊन सोडलं. आणि त्याच सॅन फ्रान्सिस्कोला 2022च्या ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, 262व्या निवडीने ब्रॉक पर्डी मिळाला. पर्डीने त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी ड्राफ्टचा जुना इतिहास तपासला. एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त आढळली. म्हणून "हाच पाहिजे" म्हणत दोन-तीन निवडी देऊन वर सरकणाऱ्या व्यवस्थापकाची मला काळजी वाटते.

इतकी माणसं, इतकी फिल्म, तरी अंदाज का चुकतो? याचं उत्तर एका खेळीत दिसतं. तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आठ यार्ड बाकी. फिल्म मागच्या कॅमेऱ्यातून बघायची, म्हणजे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. चेंडू सुटण्याआधी बचावाचे दोन सेफ्टी मागे खोल उभे असतात. चेंडू सुटतो आणि त्यातला एक झपकन खाली येतो, दुसरा मधोमध सरकतो. क्वार्टरबॅकने मनाशी धरलेला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आता झाकला गेला. त्याच क्षणी उजवीकडून रशर टॅकलला वळसा घालून येतोय. मी अशा वेळी चेंडूकडे बघत नाही, पोराचे पाय आणि हेल्मेट बघतो. पाय अर्धं पाऊल पुढे सरकून पॉकेटमध्ये, म्हणजे रक्षकांनी राखलेल्या जागेत, जागा करतात का? हेल्मेट वरच राहून डावीकडच्या दुसऱ्या रिसीव्हरकडे वळतं का? की नजर खाली येऊन अंगावर येणाऱ्या माणसावर खिळते? नजर खाली येण्याची सवय एनएफएलमध्ये गेल्यावर सुटलेली मी फार क्वचित पाहिली आहे.

अडचण अशी की कॉलेजात अशी खेळी मोजकीच असते. बऱ्याच कॉलेज संघांचा खेळ आखीव असतो: एक बघ, फेक. स्क्रीन पास, झटपट पास, समोरचा बचाव दुबळा. आकड्यांत 70 टक्के पास पूर्ण दिसतात, पण स्क्रीन आणि झटपट पास वजा केले की चांगल्या खेळाडूच्याही हाती परीक्षेचे थोडेच प्रश्न उरतात. म्हणून किती सामने खेळला याला मी वजन देतो. शिकागोने 2017 साली दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या मिच ट्रुबिस्कीने नॉर्थ कॅरोलायनात सुरुवातीपासून खेळलेले सामने होते 13. डेन्व्हरने 2024 साली बाराव्या क्रमांकावर घेतलेल्या बो निक्सचे होते 61. अर्थात हा काही कायदा नाही. कॅम न्यूटनही ऑबर्नला एकच हंगाम खेळला होता आणि 2015 साली एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. पण जिथे पुरावा कमी, तिथे किंमतही कमी द्यायला हवी. घडतं उलटंच. कमी पाहिलेल्या खेळाडूत लोकांना स्वप्न दिसतं आणि भाव चढतो.

शिकागोचं ते 2017 साल शिकवण्याजोगं आहे. मार्चमध्ये त्यांनी माइक ग्लेननला तीन वर्षांसाठी साडेचार कोटींचा करार दिला. एप्रिलमध्ये तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जादा निवडी देऊन ट्रुबिस्की घेतला. ग्लेनन चार सामने खेळला आणि बाकावर बसला. त्याच ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटीनेही निवडी देऊन वर उडी मारली, 27व्या क्रमांकावरून दहाव्यावर, आणि पॅट्रिक महोम्स घेतला. फरक घरातला होता. कॅन्सस सिटी आदल्या हंगामात 12-4 (12 विजय, 4 पराभव) होती. अ‍ॅलेक्स स्मिथ हा भरवशाचा क्वार्टरबॅक हजर होता, अँडी रीड प्रशिक्षक होते. महोम्सला वर्षभर बसवून शिकवणं त्यांना परवडलं. शिकागोला धीर धरायला वेळच नव्हता.

कॅरोलायनाचं 2023 तर आणखी बोचरं. पहिल्या क्रमांकासाठी त्यांनी शिकागोला नववी निवड, दुसऱ्या फेरीची एक, 2024ची पहिल्या फेरीची, 2025ची दुसऱ्या फेरीची, आणि वर डी. जे. मूर हा स्वतःचा सर्वोत्तम रिसीव्हर दिला. घेतला ब्राइस यंग. म्हणजे पोराला आणायला, तो ज्याच्याकडे पास फेकणार तोच माणूस देऊन टाकला! संघ 2-15 राहिला, प्रशिक्षक फ्रँक राइक यांना 11 सामन्यांनंतर काढलं, आणि शिकागोला दिलेली पुढच्या वर्षीची निवड ड्राफ्टमधली पहिली ठरली. त्या निवडीवर शिकागोने केलेब विल्यम्स घेतला. यंगला नुसतं कमी प्रतीचा ठरवून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या त्या लाइनमागे कुणीही उभं राहिलं असतं तरी नजर खालीच गेली असती.

म्हणूनच माझा आग्रह असतो की आधी लाइन, आधी प्रशिक्षक, मग पोरगा.

मग मुरलेला खेळाडू कधी आणावा? संघ तयार असेल आणि फक्त ती एकच जागा रिकामी असेल, तेव्हा. टॅम्पा बेचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली खरी मेख सहसा सांगितली जात नाही. 2019 साली त्यांच्या जेमिस विन्स्टनने 33 टचडाउन फेकले आणि 30 इंटरसेप्शनही, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास. बचाव उत्तम, रिसीव्हर उत्तम, आणि तरी 7-9. मार्च 2020मध्ये 42 वर्षांचा टॉम ब्रेडी दोन वर्षांसाठी 5 कोटींत आला. तो मोकळा खेळाडू होता, त्यामुळे त्याच्यासाठी एकही निवड द्यावी लागली नाही. त्या हातात राहिलेल्या पहिल्या फेरीच्या निवडीवर टॅम्पाने ट्रिस्टन वर्फ्स हा टॅकल घेतला, दुसऱ्या फेरीत अँटवान विनफिल्ड ज्युनियर हा सेफ्टी. दोघेही पहिल्याच वर्षी सुरुवातीपासून खेळले आणि संघाने सुपर बोल 31-9 असा जिंकला. ब्रेडीला पैसा मोजला, निवडी त्याच्या रक्षणाला लावल्या.

डेन्व्हरने 2012 साली पेटन मॅनिंगच्या बाबतीत हेच केलं. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे 2011चा अख्खा हंगाम तो बाहेर होता आणि इंडियानापोलिसने त्याला सोडलं. डेन्व्हरने फक्त पैसा दिला आणि चार वर्षांत दोनदा सुपर बोल गाठला, त्यातला दुसरा जिंकला. ड्रू ब्रीझची गोष्ट मात्र जोखमीची जास्त आहे. 2005च्या शेवटच्या सामन्यात त्याच्या फेकणाऱ्या खांद्याच्या चिंध्या झाल्या. मायामीच्या डॉक्टरांना खांदा पसंत पडला नाही, आणि त्यांनी दुसऱ्या फेरीची निवड देऊन डॉन्टे कलपेपरला आणलं. तो दुखावलेला गुडघा घेऊन आला आणि चार सामने खेळला. न्यू ऑर्लिन्सने ब्रीझला सहा वर्षांचा 6 कोटींचा करार दिला, आणि 2010च्या फेब्रुवारीत शहराला पहिला सुपर बोल मिळाला. दोन्ही खेळाडू अनुभवी, दोघेही जखमी. मुरलेला क्वार्टरबॅक घेताना तुम्ही त्याचं शरीर विकत घेता, हे विसरून चालत नाही. न्यूयॉर्क जेट्सने 2023 साली 39 वर्षांच्या अ‍ॅरन रॉजर्ससाठी निवडीही दिल्या आणि पैसाही. पहिल्या सामन्यातल्या त्याच्या चौथ्याच खेळीत टाचेची शीर तुटली. हंगाम तिथेच आटोपला.

आता दोनदा किंमत मोजणाऱ्यांकडे येतो, कारण प्रश्नकर्त्याच्या संघाला खरा मोह इथेच होणार आहे. 2022च्या मार्चमध्ये डेन्व्हरने त्याच रसेल विल्सनसाठी सिअ‍ॅटलला पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू दिले. नंतर, त्याने डेन्व्हरकडून एकही सामना खेळण्याआधी, पाच वर्षांची 24 कोटी 50 लाखांची मुदतवाढही दिली. पहिल्या हंगामात संघ 5-12. दोन वर्षांनी त्याला सोडलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलर कॅपमध्ये बुडीत पडले.

हे बुडीत पैसे कुठून येतात ते समजून घ्या. करारावर सही करताना मिळणारा बोनस खेळाडूला रोख मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येतो. 5 कोटींचा बोनस, तर दरवर्षी 1 कोटी. दोन वर्षांनी खेळाडूला काढलंत की उरलेले 3 कोटी संघाच्या बोकांडी बसतात. पुढच्या वर्षांचं पक्कं केलेलं मानधन असेल तर तेही त्यात आलंच. खेळाडू दुसऱ्या गावी खेळत असतो, आणि तुमच्या कॅपमधली त्याची जागा भरलेलीच असते.

याच व्यवहारातून सिअ‍ॅटलला काय मिळालं? चार्ल्स क्रॉस हा टॅकल, डेव्हन विदरस्पून हा कॉर्नरबॅक, बॉय माफे आणि डेरिक हॉल हे दोन रशर. आणि क्वार्टरबॅक म्हणून त्यांनी घरातच बसलेल्या जीनो स्मिथला एका वर्षासाठी 35 लाखांत ठेवलं. 2022 साली जीनो प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, गेला आणि सिअ‍ॅटल प्लेऑफमध्ये. डेन्व्हर सावरलं ते पुन्हा ड्राफ्टमुळेच. बो निक्स स्वस्तात मिळाला म्हणूनच विल्सनचे बुडीत पैसे सोसवले, आणि 2024 साली 10-7 करत संघ मॅनिंगच्या त्या विजयी हंगामानंतर पहिल्यांदा प्लेऑफला पोचला.

क्लीव्हलँडने 2022 सालीच डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि पूर्णपणे पक्के 23 कोटी डॉलर दिले. त्याच्यावर बावीस महिलांनी दिवाणी दावे लावलेले असताना. त्या निर्णयाबद्दल मला मैदानाबाहेरच्या कारणांसाठीही तीव्र आक्षेप आहे. खेळापुरतं बोलायचं तर त्यांनी ज्याला वाटेला लावलं तो बेकर मेफिल्ड टॅम्पाला 2023 साली एका वर्षासाठी 40 लाखांच्या मूळ रकमेत मिळाला. त्याने गट जिंकून दिला आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फियाला 32-9 हरवलं.

माझ्या नियमाला एक मोठा अपवाद आहे: मॅथ्यू स्टॅफर्ड. लॉस एंजेलिस रॅम्सनी 2021 साली त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन, तिसऱ्या फेरीची एक निवड आणि आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला, आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. पण तो संघ आदल्या वर्षी प्लेऑफमध्ये होता, आरन डोनाल्ड आणि कूपर कप हे तारे त्यांच्याकडे होते, आणि स्टॅफर्ड डेट्रॉइटच्या जुन्या करारावर आला होता. नवा मोठा करार त्यांनी जिंकल्यानंतर दिला. तळाच्या संघाने या उदाहरणाचा दाखला देऊ नये.

सगळ्यांत शहाणपणाचं वर्ष विचाराल तर मी फिलाडेल्फियाचं 2016 सांगेन. मार्चमध्ये त्यांनी सॅम ब्रॅडफर्डशी दोन वर्षांचा नवा करार केला. लोकांना वाटलं, मिटलं. पुढच्या काही आठवड्यांत ते दोन व्यवहार करून 13व्या क्रमांकावरून आठव्यावर आणि आठव्यावरून दुसऱ्यावर गेले, आणि कार्सन वेंट्झ घेतला. ब्रॅडफर्ड रागावला, सराव सोडून गेला, परत आला. ऑगस्टच्या अखेरीस मिनेसोटाच्या टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा सरावात निखळला. हंगाम तोंडावर, क्वार्टरबॅक नाही. मिनेसोटाने ब्रॅडफर्डसाठी 2017ची पहिल्या फेरीची निवड देऊ केली, फिलाडेल्फियाने ती घेतली आणि वेंट्झला पहिल्याच सामन्यापासून उतरवलं. त्या निवडीवर आला डेरेक बार्नेट हा पास रशर. 2017च्या डिसेंबरमध्ये वेंट्झचाही गुडघा गेला, पण त्याच वर्षी स्वस्तात परत आणलेला निक फोल्स होता. सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटांत ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला आणि जमिनीवरून उचलला तो बार्नेटने. 41-33. वेंट्झसाठी त्यांनी मोठी किंमत दिली होती हे खरं, पण ती निवडींत. पैसा हातात राहिला, आणि पर्यायांच्या यादीत सतत एक जास्तीचा क्वार्टरबॅक होता.

पुढच्या पिढीसाठी धीर धरणं जमत असेल तर उत्तमच. ग्रीन बेने रॉजर्सला तीन वर्षं ब्रेट फाव्हरमागे बसवलं आणि जॉर्डन लव्हला तीन वर्षं रॉजर्समागे. पण ड्राफ्टमधल्या पोराचा पहिला करार चार-पाच वर्षांत संपतो. तीन वर्षं बसवलं की स्वस्ताईची बरीचशी मुदत बाकावरच जाते. एखादं वर्ष मला योग्य वाटतं.

तेव्हा प्रश्नकर्त्याच्या संघाने काय करावं? फ्री एजन्सी, म्हणजे मोकळ्या खेळाडूंशी करार करण्याचा काळ, मार्चच्या मध्यावर सुरू होतो, ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे मुरलेल्या खेळाडूचा निर्णय आधी घ्यावा लागतो, आणि तिथेच घाई होते. अटलांटाने 2024 साली कर्क कझिन्सला चार वर्षांचा 18 कोटींचा करार दिला, त्यातले 10 कोटी पक्के, आणि सहा आठवड्यांनी आठव्या निवडीवर मायकेल पेनिक्स घेतला. डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर होता. मार्चमध्ये तुम्ही एक-दोन वर्षांचा, कमी बोनसचा करार करा. जीनो किंवा मेफिल्डसारखा, पहिल्या संघात फसलेला पण नजर वर ठेवणारा खेळाडू शोधा. 2024 साली मिनेसोटाने सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी 1 कोटीत आणलं आणि 14 सामने जिंकले. असे खेळाडू दर मार्चमध्ये मिळतात.

एप्रिलमध्ये सहाव्या क्रमांकावर, ज्याच्या फिल्मवर तुमच्या प्रशिक्षकाचा आणि स्काउटचा दोघांचाही विश्वास आहे असा क्वार्टरबॅक उरला असेल, तर बिनदिक्कत घ्या आणि डिसेंबरपर्यंत घाईने उतरवू नका. नसेल, तर वर सरकू नका. तिथे टॅकल घ्या, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत एक क्वार्टरबॅक तरीही घ्या. पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या निवडीला कुणी कितीही भाव दिला तरी हात लावू देऊ नका. तुमचा संघ पुन्हा तळाला गेला, तर तीच तुमची सर्वांत मौल्यवान वस्तू असेल.